भाचीच्या लग्नात मामाची जागा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यातून एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. वय ५१ वर्षे, सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. वीस-बावीस वर्षे खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) खाल्ल्यावर डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. गालासोबत खालच्या जबड्याचा काही भाग काढावा लागला आणि छातीवरची कातडी व मांस घेऊन ती जागा भरली गेली. त्यानंतर नागपुरात शनिवार-रविवार सोडून रोज, असे सहा आठवडे रेडिएशन झाले आणि सोबत आठवड्याला एकदा केमो. जूनअखेर ते गावी परतले. तपासणीत सध्या आजार दिसत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. “पण मी घरातच बसून आहो,” असे ते लिहितात. बोलणे अडखळते, लाळ ओघळते, पाणी पिताना डाव्या कोपऱ्यातून सांडते आणि कालवलेला वरणभात संपवायला पाऊण तास लागतो. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या (पोळ्याची लोकगीते) म्हणणारे गावात तेच. या वर्षी जोडी पुतण्याने नेली आणि त्यांनी झडत्या आतल्या खोलीत बसून ऐकल्या. पानठेल्यावरचे मित्र आधी येत होते, आता येत नाहीत. भावजयीने त्यांचे ताट-पेला वेगळा काढला आहे आणि पुतण्याच्या लहान मुलाला त्यांच्या मांडीवर बसू देत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर भाचीचे लग्न आहे, हे तिचे मामा, आणि त्यांनी बहिणीला “मी येत नाही” असे कळवून टाकले आहे. “ज्याच्याकडे पाहून लोकांचा घास हातातच राहतो, त्याने पंगतीत कशाला जावे?” असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: रात्री झोप येत नाही आणि आपण घरावर ओझे झालो असे वाटत राहते.

भाऊ,

तुमच्या पत्राची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण बाकीच्या गोष्टी चार दिवस उशिरा बोलल्या तरी चालतील, ही नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर झोप उडणे, कशातच मन न लागणे आणि आपण सगळ्यांवर भार झालो असे वाटणे हे पुष्कळांच्या वाट्याला येते. तो तुमचा दुबळेपणा नव्हे आणि त्यावर उपचार आहे. मी तुम्हाला सरळच विचारते: जगूच नये, असा विचार मनात येतो का? येत असेल तर तो आज, हे वाचून झाल्याबरोबर, वहिनींना, म्हणजे तुमच्या पत्नीला, सांगा. घरात फवारणीचे औषध ठेवलेले असेल तर ते शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला सांगा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा, क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तुमचे शब्द फोनवर नीट उमटत नसतील तर वहिनींनी शेजारी बसून बोलावे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा जखम दाखवता तशीच ही झोपेची गोष्टही डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. बाहेर शंभर माणसे बसलेली असतात आणि हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

मी सव्वीस वर्षे कॅन्सरच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून काम केले. त्या काळात तोंडाचे ऑपरेशन झालेली वऱ्हाडातली आणि नागपूरकडची जितकी माणसे मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचे गाऱ्हाणे तुमच्यासारखेच होते. दुखणे सोसले जाते. चारचौघांतून उठून जावे लागते ते सोसत नाही. आपल्याकडे माणसांत असणे म्हणजे तोंड चालवणे, अशी आपली समजूत झालेली आहे. चहा पाजायचा, खर्रा पुढे करायचा, पंगतीला बसायचे, पारावर गप्पा हाणायच्या. ज्याचे तोंडच अधू झाले त्याला वाटते की गावात आता आपल्याला जागा राहिली नाही. मला मात्र तुमच्या पत्रातच याचे उत्तर दिसले. ज्या जागा सुटल्या म्हणून तुम्ही लिहिले आहे, त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या जागेला तोंड लागतच नाही. मामा नवरीला बोहल्यावर आणतो आणि अंतरपाट धरलेला असताना तिच्या पाठीशी उभा राहतो. त्या वेळी त्याला एक शब्द बोलावा लागत नाही आणि एक घास खावा लागत नाही. तिथे हवा असतो तो माणूस आणि त्याचा हात. लग्नाला न जाण्याचे जे कारण तुम्ही बहिणीला दिले, ते पंगतीचे आहे. तुम्ही पंगतीला जाऊ नका, पण लग्नाला जा.

एवढे मी लगेच सांगितले, तरी लग्न ही काही पहिली पायरी नव्हे. त्याआधी दीड महिना तुमच्या हाताशी आहे आणि तो कोजागिरीपासून सुरू होतो. या एका रात्री गावातला प्रत्येक माणूस, पाटलापासून सालदारापर्यंत, जेवत नसतो, दूध पीत असतो. उजेड चांदण्याचा असतो. कोण कसे पितो हे कोणी पाहत नाही आणि पाहू म्हटले तरी फारसे दिसत नाही. वहिनींना तुमचे दूध वेगळे काढून गाळून घ्यायला सांगा, म्हणजे बदाम-चारोळीचे तुकडे येणार नाहीत. जायफळ-वेलची आत झोंबत असेल तर नुसती साखर पुरे. पेला तोंडाला लावण्याऐवजी लहान चमच्याने उजव्या बाजूने घ्या. खांद्यावरचा दुपट्टा नेहमीप्रमाणे असू द्या, तोच ओठ टिपायला कामी येईल. शस्त्रक्रियेनंतर खालच्या ओठाची जाणीव कमी होते, त्यामुळे लाळ आली हे कळत नाही. म्हणून कळण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने सहज टिपत राहण्याची सवय लावली की अर्धी चिंता जाते. मात्र पाणी किंवा दूध घेताना दर वेळी ठसका लागत असेल, तर ही गोष्ट आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. कोजागिरीला तासभर बसून आलात तरी पुष्कळ झाले.

त्यानंतर पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. लाखो माणसे जमतात आणि मौन राहून श्रद्धांजली वाहतात. तुम्हाला हे ठाऊक आहेच. मी ते मुद्दाम आठवून देते आहे, कारण इतका मोठा समुदाय एकत्र येतो आणि त्या घटकेला कोणीच बोलत नाही. महाराजही याच आजाराने, कर्करोगाने, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले, आणि नागपुरातल्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. तुम्ही मोझरीच्या गर्दीत जावे असे मी म्हणणार नाही. एवढ्या उपचारानंतर ती धकाधक अंगावर येईल. पण तुमच्या गावात महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर रोज तिथे जाऊन बसा. शब्द फुटले तर म्हणा, नाही फुटले तर खंजिरी घ्या किंवा नुसते बसा. प्रार्थनेत शेजारच्या माणसाकडे तोंड करून बसायचे नसते, सगळे एकाच दिशेला पाहतात. माणसांत परतण्याची याहून सोपी जागा मला सुचत नाही.

या शेजारी बसण्यावरून एक गोष्ट आठवली. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. जबड्याचे ऑपरेशन झालेले एक गृहस्थ, तुमच्याच वयाचे, जेवायच्या वेळी त्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसत. मी दोनदा सांगून पाहिले, त्यांनी ऐकले नाही. एके दिवशी पाहते तर घशाचे रेडिएशन चालू असलेला दुसरा रुग्ण आपला डबा घेऊन आला आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी, तोही भिंतीकडे तोंड करून, बसला. दोघे जण पिवळा रंग उडालेल्या त्या भिंतीकडे पाहत पातळ खिचडी खात होते. पुढे तीन आठवडे ते तसेच जेवले. त्यांना कोणी वळवून बसवले नाही आणि तशी गरजही पडली नाही.

तुमच्याजवळही अशी माणसे आहेत. तुम्ही लिहिले आहे की नागपुरात रेडिएशनच्या रांगेत रोज भेटणाऱ्या चौघांचे नंबर वहीत आहेत, पण एकालाही फोन केला नाही, कारण “कोणी गेला असला तर काय बोलू?” ही भीती खरी आहे आणि चौघांतला एखादा गेलेलाही असेल, हे मी नाकारत नाही. पण सहा आठवडे ज्यांनी तुमच्यासोबत तीच जळजळ, तीच बेचव जीभ आणि तीच लॉजची खोली सोसली, त्यांच्यापुढे तुम्हाला ओठ टिपायचीही लाज वाटणार नाही. फोन वहिनींना लावू द्या. पलीकडून बाईंचा आवाज आला तर वहिनी बोलतील, पुरुषाचा आला तर तुम्ही. फोनवर नुसत्या आवाजापेक्षा व्हिडिओ कॉल बरा, कारण ओठ आणि हातवारे दिसले की अर्धवट शब्दही कळतात. चौघांपैकी एकाची तरी तपासणीची तारीख तुमच्या तारखेला जुळवून घेता येते का ते पाहा. डॉक्टर बहुधा नाही म्हणत नाहीत. तुम्ही धामणगावहून गाडी धरत असाल तर हेही ध्यानात ठेवा: उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसी डब्यात भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो घेतला की वहिनींऐवजी कधी पुतण्या, कधी एखादा मित्र सोबत येऊ शकतो, आणि आगगाडीतला तो जाण्यायेण्याचा वेळ हीसुद्धा भेटच असते.

आता पानठेल्यावरच्या मित्रांविषयी. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल राग आहे आणि तो तुमचा हक्क आहे. तरी मला दिसते ते सांगते. त्यांना तुमची किळस येत नाही. त्यांना स्वतःची भीती वाटते. तुमच्या अंगणात बसलेल्या माणसाच्या खिशात पुडी असते. तुमच्या गालाकडे पाहिले की त्याला आपल्या तोंडातला तो पांढरा चट्टा आठवतो, जो त्याने बायकोलाही दाखवलेला नाही. पन्नीवर सुपारी-तंबाखू-चुना घोटण्याचा तो आवाज वीस वर्षे तुमच्या मैत्रीचाच आवाज होता. तुमच्यापुढे तो काढता येत नाही, आणि त्याच्याविना काय बोलायचे हे त्यांना माहीत नाही. म्हणून ते येत नाहीत. तुम्ही त्यांना उपदेश करावा असे मी सुचवणार नाही. तुमचा चेहराच तेवढा बोलतो. पण त्यांतला जो सगळ्यांत जवळचा असेल त्याला निरोप पाठवा की संध्याकाळी अर्धा तास ये, पुडी घरी ठेवून ये. आणि एक दिवस त्याला तोंड उघडायला सांगा. त्याची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा वा लाल चट्टा असेल, तर त्याला ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे घेऊन जा. तुम्ही स्वतः सोबत जा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या फुकट क्रमांकावर मदत मिळते. तुमच्या स्वतःच्या तोंडात पुन्हा खर्रा जाता कामा नये, हे वेगळे सांगायला नको. मैत्री टिकवण्यासाठी एक चिमूटसुद्धा नाही, कारण दुसरा कॅन्सर होण्याचा धोका त्यानेच वाढतो.

न येणाऱ्या माणसांविषयी मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण त्यांच्यात मीही होते. वॉर्डात कामाला लागण्याच्या आधीची गोष्ट आहे. माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि मी चार महिने त्यांना भेटायला गेले नाही. गाव वीस किलोमीटरवर होते. काय बोलावे हे मला कळत नव्हते. रोज ठरवायची, रोज काही कारण काढायची. शेवटी पौषात गेले. त्या पडवीत चटईवर बसलेल्या होत्या, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, पुढ्यात तुरीच्या हिरव्या शेंगांचे टोपले. मी दारात उभी राहून रडू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, टोपले माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “बस. सोलून दे.” आम्ही तासभर शेंगा सोलल्या. नखात हिरवा रंग भरला. आजाराचे एक अक्षर निघाले नाही, आणि जाताना मी विचारले की उद्या येऊ का. त्यांनी मला क्षमा वगैरे काही केली नाही, काम दिले. मला ते आजही क्षमेपेक्षा मोठे वाटते.

म्हणून माझे तुम्हाला सांगणे आहे की येणाऱ्या माणसाला काम सांगा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येण्याची रीत अशी आहे की बिस्किटाचा पुडा ठेवायचा, कसे झाले ते विचारायचे, आणि मग आपल्या ओळखीत कोण कसे गेले ते सांगायचे. त्यात दुष्टपणा नसतो, पण आजारी माणूस त्याने थकून जातो. तुम्ही एका वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: “ऑपरेशन झाले, रेडिएशनचा शेक झाला, सध्या आजार दिसत नाही. बोलायला वेळ लागतो, ऐकू मात्र नीट येते.” कोणी आले की आधी ते पान दाखवा, चौकशी तिथेच संपते. मग त्याला काहीतरी सोपवा. धुऱ्यावरून एक चक्कर मारून बोंडअळी दिसते का ते पाहून ये, जिनिंगचा भाव विचारून ये, आजचा पेपर मोठ्याने वाच. काम झाले की सांगायला तो पुन्हा येईल, आणि त्या वेळी बोलण्याचा विषय तुमचा गाल नसेल, पऱ्हाटी असेल. शेतीतला तुमचा सल्ला अजून तेवढाच पक्का आहे. अडखळत दिलेला सल्ला माणूस उलट जास्त लक्ष देऊन ऐकतो. बोलताना समोरच्याकडे तोंड करा, टीव्ही बंद करायला सांगा, वाक्य लहान ठेवा, आणि काय कळले ते त्याला पुन्हा म्हणायला लावा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत बोलणे आणि गिळणे शिकवणारे तज्ज्ञ असतात. पुढच्या तपासणीला त्यांची भेट मागून घ्या. तोंड उघडण्याचे व्यायाम मात्र रोज करा, कंटाळा आला तरी. बोलण्यात आणि खाण्यात सुधारणा पुष्कळदा वर्षभर होत राहते, त्यामुळे आजचे बोलणे तेच कायमचे असे समजू नका.

तुमच्या घरातल्या वेगळ्या ताटाने मला सगळ्यांत जास्त वाईट वाटले. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उष्ट्याने नाही, पेल्याने नाही, मांडीवर बसल्याने नाही. यंत्राने बाहेरून दिलेले रेडिएशन यंत्र बंद झाले की संपते, ते अंगात उरत नाही आणि लेकरापर्यंत जात नाही. हे तुम्ही सांगितले तर भावजय ऐकून घेतील, पण त्यांना पटणार नाही, कारण त्यांना वाटेल की तुम्ही दुखावून बोलता आहात. हे तिसऱ्याच्या तोंडून यायला हवे. गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, घरी बोलवा आणि सगळ्यांच्या देखत सांगायला लावा, किंवा तपासणीच्या दिवशी भावालाच सोबत न्या आणि डॉक्टरांना त्याच्यासमोर विचारा. भावजयींना मी दोष देत नाही. घरात लहान लेकरू असले की बाई भीतीपोटीच वागते. एखाद्याचा केमो चालू असेल तर खरी काळजी उलट बाजूने घ्यायची असते. डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात, तेव्हा सर्दी-तापाच्या माणसाने त्याच्यापासून दूर राहावे आणि त्याला १००.४ अंशांच्या वर ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तुमचा तो काळ मागे पडला आहे. त्या लेकराला मांडीवर घ्यायची मुभा डॉक्टरांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या आणि मग कोणाची वाट न पाहता त्याला घ्या.

वहिनींविषयी तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्या बचत गटाच्या बैठकीला जात नाहीत, हळदीकुंकवाला जात नाहीत, “मी घरी आहो म्हणून तीही घरी आहे.” भाऊ, कोंडलेली माणसे तुमच्या घरात दोन आहेत. बैठकीच्या दिवशी पुतण्याला दोन तास घरी थांबायला सांगा आणि वहिनींना जायला लावा. त्या नाही म्हणतील, त्यांना दोनदा सांगावे लागेल. आणि पुतण्या त्या दोन तासांत काय करील, तर वही-पेन घेऊन बसेल आणि तुम्ही पुढच्या पोळ्याच्या झडत्या सांगाल. तुमचे शब्द न कळले तर तुम्हीच लिहा. “हर बोला हर हर महादेव” म्हणायला सारे गाव असते, पण त्याआधीच्या ओळी या गावात तुम्हालाच ठाऊक आहेत. तोरणाखाली त्या तो म्हणेल आणि तुम्ही त्याच्या शेजारी कासरा धरून उभे राहाल. हे तुम्हाला आज मान्य होणार नाही. आपल्या ओळी दुसऱ्याच्या आवाजात ऐकणे सोपे नाही, आणि या वर्षी तुम्ही आतल्या खोलीत का बसलात हे मला समजते. तरी लिहून ठेवा.

लग्नाच्या दिवसाचे बारकावे आता सांगून टाकते. घरून पोटभर खाऊन निघा, कारण उपाशी माणसाला घाई होते आणि घाईत ठसका लागतो. थर्मासमध्ये पातळ पेज किंवा ताक घ्या. रेडिएशननंतर तोंड कोरडे पडते, म्हणून पाण्याची लहान बाटली खिशात असू द्या आणि घोट घोट घेत राहा. मांडवात मंगलाष्टकांच्या अर्धा तास आधी पोहोचा. बहिणीच्या घरातली एक खोली आधीच मागून ठेवा, जिथे दार लावून पंधरा मिनिटे पडता येईल आणि वाटले तर काही घेता येईल. लोक विचारतील, पाहतील, एखादी म्हातारी गालाला हात लावून रडेलही. त्यासाठी वहिनींचे एक वाक्य ठरवून ठेवा, “आता बरे आहेत, भाचीसाठी आले,” आणि त्यांनी तिथेच विषय बदलावा. चेहऱ्यावर मास्क लावायचा की नाही हे सर्वस्वी तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मामाच्या जागी उभे राहताना तो काढून ठेवावा, कारण त्या मुलीने मागे वळून पाहिले तर तिला तुमचा चेहरा दिसायला हवा. पंगती बसू लागल्या की निघा. कोणी आग्रह करील, हात धरील. हात जोडून नमस्कार करा आणि निघा. आग्रह मोडल्याचा राग कोणी धरणार नाही.

बहिणीला आज फोन करू नका. तुमचे शब्द अडखळतील, त्या रडतील, आणि दोघांचेही बोलणे राहून जाईल. तुमचे अक्षर इतके सुरेख आहे, त्याचा उपयोग करा. एका कागदावर चार ओळी लिहा, पुतण्याला त्याचा फोटो काढून त्यांना पाठवायला सांगा. मायना तुम्ही जो लिहीत असाल तो लिहा आणि खाली एवढेच: “मी येतो. मामाच्या जागी मीच उभा राहतो. जेवायला थांबणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नको. मला एक खोली ठेव.”